जोडीची खोली

ओट्यावरच्या डब्याला फोन टेकवून प्रमोदिनी केरकर कणीक मळत होती. स्पीकरवरून ठाण्याच्या सहल कंपनीतली योगिनी विचारत होती,

“मॅडम, घोरणारी पार्टनर चालेल का तुम्हाला?”

प्रमोदिनीचे हात कणकेतच थांबले.

“म्हणजे?”

“म्हणजे सप्टेंबरच्या युरोप ग्रुपची रूमची यादी बनवतेय मी. एका रूममध्ये दोघी. तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, घोरणारी चालणार नाही. पण आता एकच लेडीज उरल्यात, आणि त्यांनी स्वतःच लिहिलंय, मी घोरते म्हणून.”

“दुसरं कुणीच नाही?”

“नाही ना मॅडम. आधी कसं होतं, एका ग्रुपला एकट्या लेडीज दोन, फार तर तीन. बाकी सगळे जोडीने. या वेळी दहा आहेत. रेट लाखाने वाढलाय, तरी लोक एफडी मोडून येतायत. आता थांबायचं नाही, असंच बोलतात सगळे. दहातल्या आठजणींच्या जोड्या लागल्या. राहिलात तुम्ही आणि खरात मॅडम.”

दहा एकट्या बायका. पोरीने आकडा धंद्याच्या उत्साहात सांगून टाकला. त्यातल्या किती जणी दोन हजार वीसच्या यादीत जोडीने होत्या, हे प्रमोदिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने विचारलं नाही.

“नाहीतर सिंगल रूम घ्या,” योगिनी म्हणाली. “पाऊण लाख वर पडतील. तुम्हाला तसा प्रॉब्लेम नाही, सरांची रक्कम क्रेडिट नोटमध्ये तशीच पडून आहे, त्यातून होऊन जाईल. खरात मॅडम मात्र बोलल्या, तेवढं मला जमणार नाही, मग माझं नाव काढा. आधी तिघींनी नाही म्हटलंय त्यांना.”

म्हणजे ह्यांच्या पैशांतून एक रिकामा पलंग विकत घ्यायचा. प्रमोदिनीने कणकेचा गोळा परातीत उगाच एकदा आपटला.

“कधीपर्यंत सांगू?”

“उद्या सातपर्यंत आहे मी ऑफिसात. सोमवारी यादी पुढे जाते.”

“त्यांचा नंबर दे. मीच बोलते त्यांच्याशी.”

बोलायचं म्हणजे काय, नाहीच म्हणायचं होतं. पण नाही म्हणण्याच्या बाबतीत प्रमोदिनी आयुष्यभर कच्ची. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं दाखले लिहिले, आणि निम्मे दाखले वेळ संपल्यावर लिहिले. भीड ही भिकेची बहीण, असं विठ्ठलराव तिला उठताबसता ऐकवायचे. फोनवर त्या बाईचा दमलेला, जाडसर आवाज ऐकला आणि हिच्या तोंडून भलतंच निघालं. “उद्या जेवायलाच या ना आमच्याकडे. डोंबिवलीत, पेंडसे नगरला. समोरासमोर बोलू.”

फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्याच कपाळाला पिठाचा हात लावला.

फ्रिजच्या दारावर कंपनीचं पत्र अजून होतं. विठ्ठलरावांनीच ते चुंबकाखाली लावलेलं. एप्रिल दोन हजार वीसची सहल स्थगित, रक्कम सुरक्षित, मुदत वाढवून मिळेल. मुदत तीनदा वाढली. पहिल्या दोन वेळी विठ्ठलराव होते. “रद्द नाही गं, लांबलीय फक्त,” असं ते भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगायचे. तिसऱ्या वेळी पत्र आलं तेव्हा ते नव्हते. दुसऱ्या लाटेत, दवाखान्यात अकरा दिवस राहून गेले. कपाटावर कंपनीने दिलेल्या दोन निळ्या बॅगा होत्या. तिच्या बॅगेवरचं प्लास्टिक तिने काढलं होतं, त्यांच्या बॅगेवरचं तसंच राहिलं.

बंगळूरहून प्रीती सांगून थकली होती की आई, पैसे परत घे आणि माझ्याकडे येऊन राहा. प्रमोदिनीने पैसे परत घेतले नाहीत आणि बंगळूरलाही गेली नाही. जायचं तर बर्फच बघायला जायचं, एवढं एक तिने धरून ठेवलं होतं. फॉर्म आला तेव्हा घोरण्याच्या रकान्यासमोर तिचा हात आपोआप ‘चालणार नाही’कडे गेला. विठ्ठलरावांचं घोरणं सोसायटीत प्रसिद्ध होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा पंप बिघडलाय का म्हणून चौकशी केली होती. छत्तीस वर्षं प्रमोदिनीने कापसाचे बोळे, उशा आणि कोपर अशी सगळी शस्त्रं वापरून पाहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोडवाला गेला आणि तक्रार मागे राहिली.

खरं म्हणजे तिला आता झोपच नव्हती. तेरा महिने झाले. डोळा लागायचा आणि तासाभरात खाडकन उघडायचा. डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी घेतली तरी तेच. घर इतकं शांत असायचं की फ्रिज बंद झाल्याचंही कळायचं. असं जागून पंधरा दिवस युरोपात बसमधून फिरायचं, त्यात शेजारी घोरणारी बाई. आपण तिकडे आजारीच पडू, अशी तिला धास्ती होती. म्हणून नाही म्हणायचं. आणि जेवायला घालून म्हणायचं.

*

शनिवारी साडेबाराला बायजा खरात आली. साठीची, ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. सुती साडी, खांद्याला मोठी पर्स आणि डोळे तांबारलेले. दारातच पायातल्या चपला तिने नीट जोडीने भिंतीकडे लावल्या.

“उशीर नाही ना झाला? नाइट करून डायरेक्ट आलेय मी. ठाकुर्लीला एक आजी आहेत, त्यांच्याकडे रात्रीची असते. शहाडला घरी जाऊन परत यायचं तर मग झोपलेच असते.”

“अजून काम करता तुम्ही?”

“सरकारी दवाखान्यातून रिटायर झाले गेल्या वर्षी. मग म्हटलं, घरात बसून काय करू? मुलगा, सून, दोन नाती, आणि खोली एकच. आजींकडे निदान खुर्ची तरी मिळते ऐसपैस.”

ती हसली तेव्हा तिचा सगळा देह हसला. प्रमोदिनीला ती आवडली, आणि त्यामुळे काम आणखी अवघड झालं.

वालाचं बिरडं, पोळ्या, भात, सोलकढी. बायजा मनापासून जेवत होती, पण मध्येच तिचे डोळे मिटू लागत आणि ती पापण्या ताणून पुन्हा उघडत होती. युरोपच का, असं प्रमोदिनीने विचारलं.

“बर्फ बघायचाय,” ती म्हणाली. “चौतीस वर्षं लोकांच्या कपाळावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या मी. जमिनीवर पडलेला एकदा बघावा म्हटलं. कोविड वॉर्डात ड्युटी होती ना, तेव्हाच ठरवलेलं, यातून वाचले तर ग्रॅच्युइटीतले पैसे कुणाला द्यायचे नाहीत. सुनेला अजून पटलेलं नाही.”

“आमचंही बर्फाचंच होतं,” प्रमोदिनी म्हणाली, आणि वाढायला उठली.

बायजाने सोलकढीची वाटी रिकामी करून खाली ठेवली.

“ताई, एक बोलू? तुम्ही मला जेवायला बोलावलंत, म्हणजे तुम्ही नाही म्हणणार आहात. हो म्हणायचं असतं तर फोनवरच म्हणाला असतात.”

प्रमोदिनीच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. चोरी पकडली गेली होती, त्यामुळे आता खरं सांगणं सोपं झालं. तिने सांगितलं. छत्तीस वर्षं, कापसाचे बोळे, पंपाची गोष्ट. झोप अगदीच नाहीशी झाली आहे, हेही सांगितलं. बायजा पंपाच्या गोष्टीला मनमोकळी हसली.

“बरोबर आहे तुमचं. झोप नाही तर माणूस आजारीच पडतो. मी सांगते योगिनीला, नाव काढ म्हणून.”

“पण तुम्ही लिहिलंतच कशाला? न लिहिता चाललं असतं.”

“पहिल्या रात्री कळलंच असतं की. परदेशात जाऊन कुणाचं तोंड बघायचं मग? त्यापेक्षा इथेच काय ते होऊ दे.” बायजा बोटाने ताटातलं शेवटचं बिरडं पुसून घेत होती. “तशी आधीच्या दोघींनी फॉर्म वाचूनच नाही म्हटलं. त्यांचं काही नाही. तिसरीने मात्र फोन करून आधी गाव विचारलं, मग आडनाव नीट विचारून घेतलं, मग आमच्या देवघरात काय असतं ते विचारलं. मी म्हटलं, बुद्ध असतो आणि बाबासाहेब असतात. मग दुसऱ्या दिवशी तिने कळवलं, घोरणं चालत नाही. घोरणं सोयीचं पडतं लोकांना.”

हे तिने काही लागट आवाजात सांगितलं नाही. भाव चढले म्हणून सांगावं तसं सांगितलं. पण प्रमोदिनीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

“माझं तसं नाही हो. मी खरंच…”

“मी कुठे म्हटलं तुमचं तसं आहे?”

खाई त्याला खवखवे, म्हणतात. प्रमोदिनीने काही खाल्लेलं नव्हतं, तरी खवखवत होतं. आपलं नाही आणि त्या तिसरीचं नाही, या दोन्ही नाहींत या बाईला काय फरक दिसणार? तिचं युरोप तर दोन्हीकडून जाणारच. आणि ह्यांच्या पैशांतल्या त्या रिकाम्या पलंगाशेजारी आपण एकट्या झोपणार, म्हणजे जागणार.

बायजा उठली, स्वतःचं ताट घेऊन मोरीकडे वळली आणि भिंतीला धरून क्षणभर थांबली. चोवीस तास झोपली नव्हती ती. बाहेर मे महिन्याचं दीड वाजताचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं.

“अशा उन्हात कुठे जाता?” प्रमोदिनी म्हणाली. “पडा जरा. चारला निघा.”

“नको ताई. मी झोपले की तुम्हालाच ताप.”

“मी दुपारची झोपत नाही. रात्रीचीही नाही, तर दुपारची कुठली?”

ती बायजाला आतल्या खोलीत घेऊन गेली. जोडीचा पलंग होता. दाराकडची बाजू विठ्ठलरावांची. तिकडची चादर तेरा महिन्यांत सुरकुतली नव्हती, दर आठवड्याला धुऊन घातली तरी. प्रमोदिनीने हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला.

बायजाने ते पाहिलं. असे थांबलेले हात तिने पुष्कळ पाहिले असावेत.

“सतरंजी दिलीत तरी चालेल मला. खाली पडते मी.”

“नाही, नाही!” प्रमोदिनी जवळजवळ ओरडलीच. “पलंगावरच. इथे, खिडकीकडे. ही माझी बाजू आहे. ती… ती ह्यांची.”

बायजाने एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पलंगाला वळसा घालून खिडकीकडे गेली, केसांचा आकडा काढून उशाशी ठेवला आणि आडवी झाली. प्रमोदिनीने पंखा वाढवला, दार अर्धवट ओढलं.

*

बाहेरच्या खोलीत ती शब्दकोडं घेऊन बसली. उभे शब्द तीन झाले असतील नसतील, आतून आवाज सुरू झाला.

आधी कुणीतरी जड पेटी फरशीवरून हळू ओढतंय असा. मग पेटी चाकांवर चढली आणि लयीत चालू लागली. बाईने फॉर्मवर जे लिहिलं होतं त्यात एका अक्षराची खोट नव्हती. प्रमोदिनीला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण पेन्सिल कधीची खाली ठेवली आहे.

आवाज थांबला. मध्येच, श्वास आत जाताना.

प्रमोदिनी उठून उभी राहिली. एक, दोन, तीन. विठ्ठलरावांचंही असंच व्हायचं. मध्येच थांबायचे, आणि ती अंधारात आकडे मोजत कोपर तयार ठेवायची. ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा चार झाले होते. पाचाला एक मोठा श्वास फुटला आणि पेटी पुन्हा चालू लागली. प्रमोदिनीचं उचललेलं कोपर खाली आलं.

तिने दार ओढून घ्यायला हवं होतं. ती आत गेली.

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, प्रीतीलाही नाही. विठ्ठलरावांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या रात्री ते घोरले नव्हते. ताप होता, उशांना टेकून बसले होते, “तू झोप, मला बरंय,” म्हणाले होते. खोली शांत होती. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला तशी रात्र मिळाली, आणि तिला बरं वाटलं. ती गाढ झोपली. सकाळी बोटाला मशीन लावलं तेव्हा आकडा ब्याऐंशी होता. माणूस रात्रभर शेजारी श्वासासाठी झगडत होता, आणि ती शांततेचं सुख घेत होती. तेव्हापासून खोली शांत झाली की तिचा डोळा उघडायचा. कुणाचा श्वास ऐकायला, ते तिला माहीत होतं. तो ऐकू येणार नाही, हेही माहीत होतं. तरी उघडायचा.

बायजा खिडकीकडे तोंड करून झोपली होती. मोकळी जागा एकच होती, दाराकडची. पाय दुखत होते म्हणून प्रमोदिनी तिथे टेकली. मग पाठ दुखत होती म्हणून कलंडली. आवाज उलट्या बाजूने येत होता, एवढं एक तिला खटकलं. थोडा वेळ ऐकू, पुन्हा थांबला तर कोपर मारू, असं तिने ठरवलं.

*

डोळे उघडले तेव्हा खोलीतलं ऊन गेलं होतं. तिच्या अंगावर पातळ चादर होती. ती तिने स्वतः घेतलेली नव्हती. शेजारी कुणी नव्हतं.

ती धडपडत बाहेर आली. बायजा दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, केस विंचरलेले, जायला तयार.

“किती वाजले?”

“पावणेसात.”

“संध्याकाळचे?” प्रमोदिनीने घड्याळाकडे पाहिलं. तिला बसून घ्यावं लागलं. “म्हणजे मी… चार तास? आणि तुम्ही?”

“मी साडेचारलाच उठले. निघणार होते, पण तुमची कडी आतून लागते. उघडं घर टाकून कशी जाऊ? आणि उठवावंसं वाटेना.” बायजा पर्सच्या बंदाशी चाळा करू लागली. “दोनदा आत येऊन बघून गेले मात्र. तुम्ही म्हणालात झोप येत नाही, आणि तुम्ही तर हललाच नाहीत. आम्हाला सवय वाईट. श्वास बघितला तुमचा. नाकाशी बोट धरून. रागावू नका.”

प्रमोदिनीने मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला. बायजा जागेवरून उठली नाही, काही विचारलंही नाही. रडणाऱ्या माणसाला किती वेळ द्यायचा, ते तिला ठाऊक होतं.

मग प्रमोदिनीने नाक पुसलं आणि फोन घेतला. सात वाजायला दहा मिनिटं होती.

“योगिनी, केरकर बोलतेय. यादीत माझी आणि खरातांची खोली एक कर.”

बायजाने मान वर केली.

“मॅडम, नक्की ना?” योगिनीच्या मागे शटर ओढल्यासारखा आवाज येत होता. “सोमवारी यादी गेली की मग चेंज होत नाही. तुमच्या फॉर्मवर तर… म्हणजे नंतर बोलाल, आधी का नाही सांगितलं. त्या खरंच घोरतात, हां. पंधरा रात्री आहेत. तुम्हाला झोप लागेल ना?”

“लागली,” प्रमोदिनी म्हणाली.

पलीकडे पोरीला काही कळलं नाही. ती पासपोर्टच्या झेरॉक्सचं काहीतरी विचारत राहिली. प्रमोदिनीने फोन कानाशी तसाच धरून बायजाला हाताने स्वयंपाकघर दाखवलं, मग वरची फळी दाखवली. साखर आणि चहाचे डबे तिथे होते. बायजाने पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती आत गेली.